केदारनाथची आकाशवाट

रुद्रप्रयागास अलकनंदेचा निरोप घेऊन मोटार उत्तरेस वळली म्हणजे मंदाकिनीचे खोरे लागते. अगस्त्यमुनीपर्यंत हे खोरे चांगले ऐसपैस आहे. उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, घरांच्या ओसरीला टांगलेली मक्याची कणसे, डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढणाऱ्या पहाडी स्त्रिया, असा तो शांत संसार पाहत प्रवासी पुढे सरकतो. गुप्तकाशी ओलांडली म्हणजे मात्र दोन्ही बाजूंचे डोंगर एकमेकांजवळ येऊ लागतात. फाटा (हे गावाचे नाव आहे, रस्त्याचा फाटा नव्हे), सिरसी, सीतापूर अशी गावे मागे टाकीत सोनप्रयागास पोहोचेतो डोक्यावरचे आकाश धोतराच्या एका पानाइतके अरुंद होऊन राहते.

केदारनाथाच्या मंदिराचे वर्णन मराठीत पुष्कळांनी केले आहे व ते आमच्याहून अधिकारी लेखणीने केले आहे. आम्हांस लिहावयाचे आहे ते आकाशाच्या त्या अरुंद पट्ट्याविषयी. कारण खालच्या पाऊलवाटेप्रमाणेच त्या पट्ट्यातूनही आता एक वाट जाते, आणि घरातील वडीलधाऱ्या माणसांस कोणत्या वाटेने न्यावे हा प्रश्न यात्रेस निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबात बैठक घालून सोडवावा लागतो.

आमच्या मंडळीत नऊजण होते. काकांनी सत्तरी ओलांडलेली, काकूंचे गुडघे जिना चढतानाही कुरकुरणारे. गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटर आणि चढ सोळाशे मीटरांचा. घोड्यावर बसण्यास काकूंचा ठाम नकार. डांडीत बसून चार माणसांच्या खांद्यावरून जाणे काकांच्या मनास पटेना. तेव्हा काका, काकू व त्यांच्या सोबतीस थोरला पुतण्या ह्यांनी हेलिकॉप्टरने जावे व उरलेल्या सहाजणांनी पायी चढावे असे ठरले. अश्विन महिना होता. पावसाळ्यात बंद असलेली हेलिकॉप्टरे २०२५ च्या सप्टेंबरच्या मध्यापासून पुन्हा सुरू झाली होती.

सिरसीचे हेलिपॅड म्हणजे सडकेच्या कडेस डोंगर सपाट करून केलेले मोठे अंगणच. तेथे प्रथम प्रत्येकास काट्यावर उभे करतात. काकूंस ह्याचा भारी संकोच वाटला. चारचौघांत बाईमाणसाचे वजन मोठ्याने पुकारावयाचे, ही कोठली रीत! परंतु ह्या तोलण्यात मर्म आहे. केदारनाथ समुद्रसपाटीपासून ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तेथील हवेची घनता समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे सात-दशांश भरते. हेलिकॉप्टरची पाती हवेस खाली लोटून यंत्रास वर उचलतात. लोटावयास हवाच विरळ असेल तर तेवढ्याच फिरण्याने उचल कमी मिळते, आणि इंजिनासही श्वास घ्यावयास तीच विरळ हवा. मुंबईच्या किनाऱ्यावर जे ओझे यंत्र सहज पेलील, ते येथे शेरा-छटाकांचा हिशेब करून पेलावे लागते. ह्या खोऱ्यात चालतात ती बहुतेक एका इंजिनाची हलकी हेलिकॉप्टरे होत. त्यांतील बेल ४०७ ही जात १९९६ पासून वापरात आहे. एक वैमानिक व सहा प्रवासी असा तिचा बेत. पात्यांचा वारा सुटला, पदर सावरीत काकू आत बसल्या, दार लागले, आणि ज्या अंतरास आम्हांस पुढे सबंध दिवस लागला ते त्यांनी आठ-दहा मिनिटांत काटले.

आम्ही गौरीकुंडाहून निघालो तेव्हा सूर्य डोंगराआडच होता. जंगलचट्टी, भीमबली अशी एकेक चट्टी मागे पडत जाते. ह्या वाटेवर एक स्थळ मात्र असे आहे की जे आता नाही. रामबाडा हा पूर्वी निम्म्या वाटेवरचा मोठा मुक्काम. जून २०१३ च्या १६ व १७ तारखांस अतिवृष्टी झाली, केदारनाथावरील चोराबाडी तलाव फुटला, आणि त्या लोंढ्यात रामबाडा समूळ वाहून गेला. आज तेथे पूल ओलांडून वाट नदीच्या पलीकडच्या अंगास जाते, आणि वाटसरू नदीतल्या प्रचंड धोंड्यांकडे पाहून मुकाट्याने पुढे चालतात. त्या प्रलयात अडकलेल्या हजारो लोकांस बाहेर काढले ते मुख्यत्वे हेलिकॉप्टरांनी, हे विसरून चालणार नाही. त्याच कामात २५ जून २०१३ रोजी हवाईदलाचे एमआय-१७ जातीचे मोठे हेलिकॉप्टर गौरीकुंडाच्या परिसरात कोसळून मदतकार्यातील वीसजणांनी प्राण वेचले. ह्या यंत्रास नावे ठेवण्याचा हक्क त्या खोऱ्यात कोणास फारसा नाही.

रामबाड्यानंतरचा चढ छातीवर येतो. लिंचोलीच्या वर एका वळणावर आम्ही दम खात बसलो असताना हेलिकॉप्टरचा आवाज आला. सवयीने सर्वांनी माना वर केल्या. वर काहीच नव्हते. यंत्र आमच्या खाली होते! दरीच्या मध्यातून, नदीच्या वळणाबरहुकूम वळत ते येत होते, आणि आम्ही त्याच्या फिरत्या पात्यांचे वर्तुळ, माथा, शेपटी हे सगळे वरून पाहत होतो. घारीची पाठ दिसावी तशी विमानाची पाठ दिसण्याचा तो अनुभव काही निराळाच. विमान म्हणजे डोंगरांच्या माथ्यावरून, ढगांच्याही वरून, निर्वेध जाणारी वस्तू, अशी आपणां सर्वांची समजूत असते. केदारनाथचे हेलिकॉप्टर डोंगरांवरून जात नाही, डोंगरांमधून जाते. यात्रेकरूची जी वाट तीच त्याची वाट. तीच वळणे, तेच अरुंद खिंडार, तेच धुके. भेद इतकाच की पायी चालणारा धुके आले तर कड्याच्या आतल्या अंगास सरकून खाली बसू शकतो. आकाशातल्याला तशी बसावयास जागा नसते.

हा मुद्दा थोडा गणिताने सांगितला तर नीट पटेल. तासाला १८० किलोमीटर वेगाने जाणारे यंत्र प्रत्येक सेकंदास ५० मीटर पुढे सरकते. समोरचे दोनशे मीटरच दिसत असतील, तर पुढील कड्याशी गाठ पडावयास चार सेकंद. त्याच वेगाने जाताना तीस अंश कलून ते परत फिरू लागले, तर त्याच्या अर्धवर्तुळास सुमारे नऊशे मीटर रुंदी लागते. वेग निम्म्यावर आणला की तीच रुंदी चौथाईवर, म्हणजे सव्वादोनशे मीटरांवर येते. म्हणून धुके दिसू लागताच वेग कमी करावयाचा आणि दरी अजून रुंद आहे तोवरच तोंड फिरवावयाचे, हा ह्या विद्येतला पहिला धडा. पुढे जाऊन पाहू, बहुधा वळणापलीकडे मोकळे असेल, असे म्हणत जो आणखी एक वळण घेतो त्याच्या मागे ढग दार लावून घेतो.

आणि ढगात सापडल्यावर काय होते? क्षितिज दिसेनासे झाले की मनुष्यास स्वतःचा तोल कळत नाही. कानाच्या आतील ज्या इंद्रियावर आपण तोलाची भिस्त ठेवतो ते जमिनीवरच्या चालण्यासाठी घडलेले आहे. हळूहळू कलणारे यंत्र त्याला सरळच भासते. मोठ्या विमानास अशा वेळी स्वतःच तोल सांभाळणारी यंत्रणा असते. हलक्या हेलिकॉप्टरांत ती बहुधा नसते. वैमानिकाने हात व डोळे क्षणभरही सोडावयाचे नसतात. जाणता वैमानिकही ह्या फसवणुकीपासून मुक्त नाही.

ह्या खोऱ्याची हवा तर पंचांग पाहून वागणारी नव्हे. स्वच्छ ऋतूत पहाटे खोरे निर्मळ असते. ऊन चढले की तापलेल्या उतारांवरून वारा वर वाहू लागतो, खालची ओल घेऊन येतो, आणि दुपारपर्यंत ढग नदीच्या बाजूने जिन्याने चढावे तसे चढत येतात. म्हणून उड्डाणांची गर्दी सकाळी. पावसाच्या तोंडावर मात्र हा क्रमही मोडतो. रात्रभर पाऊस पडून गेला की पहाटेच खोऱ्यात ढग तुंबलेला असतो.

लिंचोलीच्या वरून नदीपलीकडे पाहिले की जुन्या पाऊलवाटेवरील गरुडचट्टीचा उतार दिसतो. घोडेवाल्याने बोट करून तो दाखविला. १८ ऑक्टोबर २०२२ रोजी दुपार होण्याच्या सुमारास केदारनाथहून गुप्तकाशीस निघालेले एक बेल ४०७ हेलिकॉप्टर धुक्यात सापडून त्या उतारावर आदळले. सहा यात्रेकरू व वैमानिक असे सातही जण गेले. उड्डाण होऊन फारसा वेळही लोटला नव्हता.

१५ जून २०२५ चा अपघात त्याहून ताजा. त्या दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास त्याच जातीचे हेलिकॉप्टर केदारनाथहून गुप्तकाशीकडे परतत असताना गौरीकुंडाच्या वरच्या जंगलात पडले. वैमानिकासह सातजण मृत्युमुखी पडले. त्यांत एक तान्हे मूल होते, महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. गवत कापण्यास गेलेल्या स्त्रियांनी प्रथम वर्दी दिली असे त्या वेळी वृत्तपत्रांतून आले होते. खोरे ढगांनी भरलेले असताना व नेमून दिलेल्या वेळेच्या अगोदरच उड्डाण केले, असा ठपका ठेवून पोलिसांत गुन्हाही नोंदविण्यात आला. ते जंगल आम्ही सकाळीच मागे टाकले होते. ओकाच्या व बुरांसाच्या दाट झाडीत बाहेरून पाहणाऱ्यास काही कळून येत नाही.

डोंगरातील खालच्या उड्डाणास ढगाखेरीज आणखी एक वैरी आहे, त्याचे उदाहरण केदारच्या खोऱ्यात नव्हे, शेजारच्या भागीरथीच्या खोऱ्यात घडले. ८ मे २०२५ रोजी यमुनोत्रीजवळील खरसालीहून हर्षिलच्या बाजूस जाणारे एक बेल ४०७ उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानीपाशी पडले. सातांपैकी सहाजण दगावले. चौकशीच्या प्राथमिक अहवालावरून असे दिसते की, सुमारे वीस मिनिटे उडाल्यावर हेलिकॉप्टर खाली येऊ लागले, वैमानिकाने गंगोत्रीच्या सडकेवर उतरण्याचा प्रयत्न केला, आणि सडकेला समांतर गेलेल्या दूरसंचाराच्या तारेस पाते लागले. यंत्र दरीत घरंगळत जाऊन एका झाडाला अडकले. करंगळीएवढीही जाड नसलेली ही केबल, पाठीमागे करडा डोंगर असला म्हणजे, जवळ जाईपर्यंत डोळ्यांस दिसतच नाही. ज्या खोऱ्यातून विजेची व बोलण्याची तार ह्या काठावरून त्या काठावर जाते, तेथे खाली उडणाऱ्याने तार शोधू नये, तारेचे खांब शोधावेत, असे जुने वैमानिक नव्यांस शिकवीत असतात.

सायंकाळी आम्ही केदारनाथी पोहोचलो. काका-काकू सकाळीच येऊन, न्हाऊन, दर्शन घेऊन, पांघरूण गुंडाळून बसले होते. काकूंचे डोके मात्र दुखत होते. पायी येणाऱ्याच्या शरीरास विरळ हवेची सवय वाटेतच थोडीबहुत होते. दहा मिनिटांत दीड-दोन किलोमीटर उंच नेऊन ठेवलेल्या शरीरास ती सवड मिळत नाही. म्हाताऱ्या माणसांस नेणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, त्यांस तेथे पोहोचताच फार फिरवू नये.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास त्यांचे परतीचे उड्डाण होते. नऊ वाजता खोऱ्याच्या तोंडाशी कापूस पिंजल्यासारखा ढग दिसला. साडेनऊला तो गरुडचट्टीवर आला. हेलिपॅडपाशी पन्नास-साठ माणसे जमली होती. कोणाची हरिद्वारची गाडी, कोणाचे विमान, कोणाच्या घरी कार्य. इतक्यात खालून आवाज आला. येतो आहे, येतो आहे, असे म्हणत लोक उठून उभे राहिले. आवाज वाढला, धुक्यात घुमला, मग हळूहळू उतरत जाऊन नाहीसा झाला. यंत्र अर्ध्या वाटेवरून परत फिरले होते. थोड्याच वेळात त्या दिवसापुरती उड्डाणे थांबविल्याचे जाहीर झाले आणि खिडकीपाशी एकच गलका उडाला. पैसे भरले आहेत, आकाश तर दिसते आहे, कालच्या दिवशी ह्याहून वाईट हवेत सोडले होते, एकापेक्षा एक मुद्दे निघू लागले. एका सुटाबुटातील गृहस्थाने खिडकीतल्या पोऱ्यास, "तुमचे वैमानिक घाबरट आहेत," असे सुनावले.

काका आतापर्यंत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते आमच्याकडे वळून म्हणाले, "परत फिरला ना, तो वैमानिक शहाणा. उद्या ह्याच माणसाबरोबर जावयाचे, असे सांगून ठेवा बरे त्यांना."

आम्हांस त्या गलक्याचे भय वाटले ते अशासाठी की, असा गलका रोज होत असणार आणि तो ज्याच्या कानी पडतो तो वैमानिकही माणूसच आहे. दिवसाकाठी त्याच खोऱ्यातून कित्येक फेऱ्या करावयाच्या, प्रत्येक फेरीस खाली रांग, वर रांग, चांगल्या हवेचे तास मोजके. ढगाच्या तोंडातून परत फिरण्यास त्याला जो विवेक लागतो त्यावर आपण प्रवासीच रोज थोडेथोडे दडपण घालीत असतो.

२०२५ च्या जूनमधील अपघातानंतर उड्डाणे दोन दिवस थांबविली गेली, फेऱ्यांची संख्या घटविण्यात आली, हवेवर नजर ठेवण्यासाठी नियंत्रण कक्ष उभारण्यात आले. हे चांगलेच झाले. परंतु खोऱ्याची रुंदी कोणत्याही आज्ञेने वाढत नाही. उंचीच्या बाबतीतही तेच. ही सर्व वाट केदारनाथ वन्यजीव अभयारण्याच्या कडेने व वरून जाते. १९७२ साली स्थापन झालेले, ९७५ चौरस किलोमीटरांचे हे अरण्य कस्तुरीमृगांसाठी राखलेले आहे. तेथे जमिनीपासून निदान ६०० मीटर उंचीवरून उडावे अशी भारतीय वन्यजीव संस्थेची शिफारस आहे. वरून ढग खाली दाबीत असताना ही उंची राखावयाची म्हणजे ढगात शिरावयाचे, आणि न राखावी तर मृगांच्या डोक्यावरून घोंघावत जावयाचे. ज्या दिवशी दोन्ही टाळता येत नाहीत त्या दिवशी उडू नये, ह्याखेरीज तिसरा उपाय आम्हांस तरी दिसत नाही.

पुढेमागे ही चिंता काही अंशी निराळ्या रीतीने मिटेल. सोनप्रयागपासून केदारनाथपर्यंत १२.९ किलोमीटरांच्या रज्जुमार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. खर्चाचा अंदाज ४,०८१ कोटी रुपये, आणि वर पोहोचण्यास छत्तीस मिनिटे. तो बांधून होईपर्यंत ज्यांस वडील मंडळींना घेऊन जावयाचे आहे त्यांनी हेलिकॉप्टर वर्ज्यच मानावे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही स्वतः मानले नाही. मात्र परतीच्या गाडीचे आरक्षण करताना मध्ये दोन मोकळे दिवस ठेवावेत. वर राहण्याची सोय अगोदर पाहून ठेवावी; लोकरीचे कपडे व नेहमीची औषधे सामानाबरोबर खाली न ठेवता माणसाबरोबरच असू द्यावीत, कारण सकाळी जाऊन दुपारी येतो असे म्हणून शालीवर गेलेल्या वृद्धांस आम्ही त्या रात्री कुडकुडताना पाहिले. पावसाच्या तोंडावर, म्हणजे ज्येष्ठाच्या उत्तरार्धात, जाऊच नये. आणि आज उड्डाण नाही असे खिडकीतून कळले तर घरच्या कर्त्या पुरुषाने तेथे आवाज चढवू नये, चहा सांगावा.

तिसऱ्या दिवशी पहाटे खोरे धुतल्यासारखे स्वच्छ होते. आम्ही लिंचोलीपाशी उतरत असताना पहिले यंत्र खालून वर गेले व थोड्याच वेळात परत आले. ह्यात आपली मंडळी असतील अशा समजुतीने आमच्यातील मुलांनी रुमाल हलविले. वळणाआड जाईपर्यंत सर्वजण उभे राहिलो. दुपारी सिरसीस पोहोचलो तो काका ओट्यावर वर्तमानपत्र वाचीत बसलेले. काकू मोठ्या खुशीत होत्या. वर निघताना पुन्हा काट्यावर उभे केले होते आणि दोन दिवसांत दीड किलो उतरले होते, हे त्यांनी आम्हां प्रत्येकास निरनिराळे बोलावून सांगितले.